भांडायला गेलेली बाई

वैनगंगेच्या काठी, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात एक बाई राहत होती. घरात सासू, नवरा आणि एक लहान मुलगी. मातीच्या भिंती, वर कवेलू. थोडी स्वतःची बांधी, थोडी ठेक्याने केलेली, आणि गोठ्यात एक बैलजोडी. बाई सोमवार धरायची. संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावायची, हात जोडायची आणि चुलीकडे वळायची. देवाशी तिचं याहून जास्त बोलणं नव्हतं. बोलण्यासारखं काही पडलं नव्हतं.

२०२० साल उजाडलं तेव्हा नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला होता. धानाचा हंगाम संपला की त्या भागातली पुष्कळ माणसं जातात. मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी लागली. गाड्या थांबल्या, कामं थांबली, देवळांनाही कुलपं लागली. नवरा रानावनातून पायी चालत घरी आला. पायाला फोड आले होते आणि मजुरीतलं फारसं काही उरलं नव्हतं. पण तो आला. बाईने त्या दिवशी दिव्यात जरा जास्त तेल घातलं.

पाऊस वेळेवर पडला. उसनवारी करून बियाणं आणलं, रोवणा झाला, बांध्या हिरव्या झाल्या. ऑगस्टमध्ये पोळा आला. बाईने बैलांची शिंगं रंगवली, पुरणपोळीचा घास भरवला. मिरवणूक नव्हती, तोरणाखाली गर्दी नव्हती. घरच्या घरीच पूजा केली.

पोळ्याला पंधरवडाही झाला नव्हता, तोच पूर आला.

नदीकाठच्या माणसांना पूर नवा नसतो. पाऊस किती पडला, नाला किती चढला, यावरून ती अंदाज बांधतात. या वेळी अंदाजच चुकला, कारण गावावर पाऊस पडतच नव्हता. पाऊस पडला होता वर, मध्य प्रदेशात. तिकडचं पाणी वैनगंगेतून भंडाऱ्याकडे आलं, गोसेखुर्द धरणाचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडावे लागले आणि ऑगस्टच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत ते सगळं पाणी खालच्या गावांत शिरलं. वर आभाळ मोकळं आणि अंगणात कमरेएवढं पाणी, असं गावातल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं.

रात्रीची वेळ होती. नवऱ्याने सासूला खांद्यावर घेतलं, बाईने मुलीला. त्यांना उंचावर सोडून नवरा गोठ्याकडे परतला. एका बैलाचं दावं त्याने सोडलं. दुसऱ्याच्या दाव्याला दुहेरी गाठ होती. पाण्याने सुंभ फुगलं होतं, गाठ आवळली होती. नवरा बोटांनी झटला, दातांनी झटला. विळा घरात होता आणि घर पाण्यात होतं. पाणी छातीच्या वर आलं तेव्हा त्याला हात सोडावा लागला.

पाणी उतरल्यावर बैल गोठ्यातच सापडला. शिंगांना पोळ्याचा रंग तसाच होता.

घराच्या दोन भिंती बसल्या होत्या. पोटरीत आलेला धान गाळाखाली गेला होता. नवऱ्याने चिखलात हात घालून देव्हाऱ्यातला पितळेचा महादेव शोधून काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि बाईपुढे धरला. बाईने तो घेतला नाही.

"ज्याले स्वतःचं घर वाचवता नाही आलं, तो माझं काय वाचवते?" ती म्हणाली.

नवऱ्याने देव गुपचूप खिशात टाकला.

घर पडलेल्या माणसांना उंचावरच्या एका गावाच्या शाळेत उतरवलं होतं. एका वर्गात चार-चार घरं. तोंडाला फडकं बांधून राहायचं, लांब-लांब झोपायचं, असं सांगून गेले होते; पण वर्ग तेवढाच आणि माणसं एवढी. त्या वर्गात एक म्हातारे आबाजी होते. गुरुदेव सेवा मंडळातले. पोरवयात त्यांनी तुकडोजी महाराजांना खंजिरी वाजवताना पाहिलं होतं. महाराजांनी ज्या गोंदेड्याच्या रानात साधना केली, ते चिमूर तालुक्यातलं रान तिथून काही फार दूर नाही. त्या पट्ट्यातल्या कित्येक गावांत अजूनही संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. मूर्ती लागत नाही, पुजारी लागत नाही. झाडलेली जागा आणि बसणारी माणसं लागतात.

आबाजींचंही घर गेलं होतं. त्यांनी पुरातून एक खंजिरी वाचवली होती, पण तिचं कातडं भिजून सैल झालं होतं. रोज ते ती उन्हात ठेवत, बोटाने वाजवून बघत आणि पुन्हा ठेवत. दिवेलागणीला व्हरांड्याचा कोपरा झाडून पोतं अंथरत आणि नुसत्या टाळीवर प्रार्थना म्हणत. पहिल्या दिवशी एकटेच होते. दुसऱ्या दिवशी दोन पोरं येऊन बसली, कारण शाळेत संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं.

बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. चार दिवस तिने ते ऐकलं. पाचव्या दिवशी तिच्याने राहवलं नाही.

"आबाजी, तुमचंही घर गेलं. तरी कायले बसता रोज?"

"घर गेलं म्हणूनच बसतो, माय. घर होतं तवा कवेलू फेरण्यात न् कुंपण बांधण्यात दिवस जाये. बसाले वेळ कुठं होता?"

बाईला हसू आलं नाही. ती म्हणाली, "माझ्याच्यानं हात जोडल्या जात नाही. मनात त्याच्यासाठी शिव्याच येतात."

"मंग शिव्या दे."

बाई उठून बसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. पण आबाजी पोत्याची घडी घालत होते आणि त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"पण त्याच्याकडं तोंड करून दे," ते म्हणाले. "तू भिंतीकडं तोंड करून देऊन रायली. भिंतीले काय समजते?"

मग त्यांनी तिला देहूच्या तुकोबाची गोष्ट सांगितली. सोळाशे तीसच्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. दुकान बुडालं, गुरं गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली, लेक गेला. मग तो माणूस डोंगरावर जाऊन बसला. "तिथं बसून तो देवाले गोडगोडच बोलला असं समजू नको," आबाजी म्हणाले. "पुष्कळ खरंखोटं सुनावलं त्यानं. जनाबाईनंही सुनावलं. आपण त्यांचे फोटो पायतो, हात जोडलेले. भांडणाचा फोटो कोणी काढत नाही."

बाई पुन्हा पडून राहिली. पण त्या रात्री तिने कूस बदलली.

पंचनामे झाले. कोणी वहीत लिहून घेतलं, कोणी मोबाईलवर फोटो काढले. प्रत्येकजण बैलापाशी येऊन एकच प्रश्न विचारायचा: बैल बांधलेला होता का? लिहून घेणाऱ्यांना विचारणं भागच होतं. पण नातेवाईक विचारत, शेजारी विचारत, भेटायला आलेली भावजय विचारी. बाई तोंड उघडायची तोवर पुढचा माणूस बोलून जायचा: पाणीच तसं होतं, ज्याचं-त्याचं नशीब, अमक्याच्या तर दोन म्हशी गेल्या. सगळे भल्यासाठीच बोलत होते. बाईचं वाक्य मात्र दर वेळी अर्ध्यावर राहत होतं.

दसरा गेला, दिवाळी आली. वरच्या गावांत धान कापणीला आला होता. बाई दुसऱ्यांच्या बांध्यांत मजुरीने कापायला जाऊ लागली. दिवाळीच्या पाडव्याला, सोळा नोव्हेंबरला, सरकारने देवळं उघडली. तो सोमवार होता. कापणी करता करता बायका त्याबद्दल बोलत होत्या. बाईने विळा थांबवला.

त्या रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, "मी मार्कंड्याले जाऊन येते."

"नवस हाय का?"

"नाही. भांडाले जाते."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. उठून खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून त्याने पितळेचा महादेव काढला आणि तिकिटाच्या पैशांसोबत तिच्या हातावर ठेवला. त्यावर तो एक शब्दही बोलला नाही. गाठीबद्दल तो कधीच काही बोलला नव्हता.

पुढच्या सोमवारी बाई एसटीत बसली. आरमोरीच्या अलीकडे गाडी वैनगंगेच्या पुलावर आली तेव्हा तिने खिडकीतून खाली पाहिलं नाही. गडचिरोली, मग चामोर्शी, मग मार्कंड्याचा रस्ता. नदीकाठी तो देवळांचा समूह उभा आहे. काळसर दगड आणि दगडाच्या बोटभर जागेतही कोरलेली माणसं, हत्ती, देव. दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा तिथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून ती जागा पवित्र मानतात. महाशिवरात्रीला तिथे माणसाला माणूस लागतो. त्या दिवशी मात्र मोजकेच लोक होते.

बाईने आवारात पाऊल ठेवलं आणि ती थबकली. मुख्य देवळाचं वरचं बांधकाम दुरुस्तीसाठी उतरवलेलं होतं. दगड खाली ओळीने मांडले होते. कशाचं तोंड इकडे, कशाचे हात तिकडे. फार पूर्वी या शिखरावर वीज पडली होती, असं तिथला एक माणूस कोणाला तरी सांगत होता.

बाई तोंडाला पदर लावून बराच वेळ त्या दगडांपुढे उभी राहिली. भांडायला आली होती ती घर पडलेली बाई. आणि ज्याच्याशी भांडायचं, त्याच्याही घरावरचं छत उतरलेलं होतं. राग गेला नाही, पण राग धरून उभं राहण्याची तिची तऱ्हा बदलली.

सभामंडपापाशी एक आजी नातवाला त्या जागेची गोष्ट सांगत होती. मृकंड ऋषीला मूल नव्हतं. देवाने विचारलं, मूर्ख आणि दीर्घायुषी मुलगा हवा, की गुणी आणि सोळाच वर्षं जगणारा? त्याने गुणी मागितला. सोळावं वर्ष भरलं, यम आला, पाश टाकला. मार्कंडेयाने पिंडीला मिठी मारली.

"मंग तो घाबरला नाही का?" नातवाने विचारलं.

"घाबरला म्हणून तं मिठी मारली," आजी म्हणाली. "न घाबरणारा कायले मिठी मारते?"

बाई आत गेली. गाभाऱ्यात गार अंधार होता. तिने खूप काही ठरवून आणलं होतं. चालत आलेल्या नवऱ्याचे फोड, गाळाखालचा धान, ठेक्याचे पैसे, सासूचा खोकला. ते सगळं ती बोलली. आवाज चढला तसा चढू दिला. मागे उभं असलेलं एक जोडपं थोडं थांबलं आणि बाहेर गेलं. मग बोलता बोलता ती बैलापाशी आली. तिथे नेहमीप्रमाणे कोणीतरी बोलेल म्हणून ती थांबली. कोणी बोललं नाही.

"त्याची गाठ मी बांधली होती," ती म्हणाली. "दुहेरी. दावं तोडून तो लोकाच्या धानात जाये. लोक बोलत. म्हणून मी दुहेरी बांधली."

एवढंच तिला तीन महिने सांगायचं होतं. नवऱ्याला ठाऊक होतं, पण तिने सांगितलं नव्हतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि पोटभर रडली. मग पदराने तोंड पुसलं, कमरेचा पितळी महादेव काढून पिंडीला टेकवला, पुन्हा कमरेला खोवला आणि बाहेर आली. मागायचं काही राहिलं का, असं परतीच्या गाडीत तिच्या मनात आलं. तिने काहीच मागितलं नव्हतं.

गावी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. शाळा सोडून लोक आता गावात परतले होते. कोणी ताडपत्रीखाली, कोणी उभ्या राहिलेल्या दोन भिंतींच्या आडोशाला. आबाजी चावडीपुढे पोतं अंथरत होते. खंजिरीचं कातडं एव्हाना बरंच तणावलं होतं.

"आलीस भांडून?"

"आली."

"काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला." बाईने चप्पल काढली. "पण आबाजी, पूर्ण ऐकलं. मधात बोलला नाही."

आबाजींनी पोत्यावर सरकून जागा केली. बाई बसली. तिने प्रार्थना म्हटली नाही, तिला ती पाठ नव्हती. पण दुसऱ्या दिवशीही ती आली, आणि तिसऱ्या दिवशीही.

त्यानंतर काही चमत्कार झाला, असं मला सांगता येणार नाही. मेलेला बैल परत आला नाही. मदतीची रक्कम आली तेव्हा आली आणि पुरली तेवढी पुरली. एवढं मात्र झालं. त्या पोत्यावर मागे एक गडी बसायचा. त्याचाही एक बैल पुरात गेला होता आणि एक उरला होता. एके संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर बाईने त्याला विचारलं, "दादा, तुझा एक, आमचा एक. जोडी होते का?" आठ-दहा दिवस दोन्ही बैलांनी मान वाकडी केली, एकमेकांना ढुशा दिल्या. मग चालू लागले. पुराने आणलेल्या गाळात दोन्ही घरांनी सावडीने लाखोरी आणि हरभरा टाकला. नवऱ्याने गोठा पुन्हा उभा केला. बैलाला दावं बांधण्याची वेळ आली तेव्हा त्याने ते बाईच्या हातात दिलं. तिने एकेरी गाठ बांधली.

चैत्र आला. मोहाची फुलं गळू लागली. पहाटे फुलं टपटप पडतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून त्या भागातल्या बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वाकून वेचणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. पलीकडच्या टोल्यावरची एक बाई अशीच गेली आणि परत आली नाही. तिच्यामागे एक पोर राहिली, सोळा-सतरा वर्षांची. वनखात्याची माणसं येऊन गेली, पिंजरा लागला, कॅमेरे लागले. नातेवाईक आले, जेवणं झाली, नातेवाईक गेले. पोर भिंतीकडे तोंड करून पडली.

आमची बाई रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसे. भात शिजवी, भांडी घाशी. देवाचं नाव तिने एकदाही काढलं नाही. मला त्या बाईची ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. दुःखात पडलेल्या माणसाला देवाकडे वळवायची घाई आपल्याला फार असते. त्याच्या हातात आपण आपली श्रद्धा कोंबतो आणि मोकळे होतो. खरं तर संकटात देवाकडे जायला श्रद्धा शाबूत असावीच लागते असं नाही. मोडकी असली तरी चालते, रागाने काळी झालेली असली तरी चालते. तोंड तिकडे वळलं पाहिजे. आणि तोंड वळायला बहुतेकदा आधी कोणीतरी शेजारी येऊन बसावं लागतं, ज्याचं स्वतःचं घरही कधी पाण्यात गेलेलं असतं.

एका दुपारी पोरच बोलली. "काकी, तुमी मार्कंड्याले भांडाले गेल्ता म्हणतात."

"गेली होती."

"मीही गेली असती. पण देवळं बंद झाली ना पुन्हा."

ते खरं होतं. रोग पुन्हा वाढला होता आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच देवळांना परत कुलपं लागली होती. बाई जरा विचारात पडली. मग तिने कमरेची गाठ सोडली, पितळेचा महादेव काढला आणि दोघींच्या मधे, शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवला. पुराचा गाळ त्याच्या खाचांतून अजून पुरता निघाला नव्हता.

"हा माझ्या घरचा," ती म्हणाली. "याले पोहता येत नाही, वाघ मारता येत नाही. पण हा मधात बोलत नाही. मी बाहेर बसू का?"

"नाही. इथंच बसा."

पोर उठून बसली. केस मागे सारले. बराच वेळ त्या एवढ्याशा पितळी देवाकडे बघत राहिली आणि मग बोलायला लागली. पहिलंच वाक्य शिवीचं होतं.